छोट्या मंडळीत नवीन आलात? बसायचं कुठं, विचारायचं कुणाला आणि मनुका कधी भिजवायच्या

आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये, आम्ही त्याला मंडळी म्हणतो, दर जून-जुलैला दोन-तीन तरी नवीन घरं येतात. कुणाची बँकेत बदली झालेली असते, कुणी मिरजेला नर्सिंगला आलेलं असतं, कुणी सून होऊन येतं. पहिल्या रविवारी ही माणसं मागच्या दारापाशी उभी असतात, आत जाऊ की नको अशी, आणि त्यांचा चेहरा मला लांबून ओळखू येतो कारण २००३ साली मीपण तशीच उभी होते. मी वसईची, कॅथलिक घरातली. लग्न होऊन इकडं सांगली-मिरज पट्ट्यात आले आणि पहिल्याच रविवारी दारात पवित्र पाण्याचं भांडं शोधत बसले, ते नव्हतंच, मग सवयीनं कोरडीच बोटं कपाळाला लावली तर सासूबाईंनी हळूच कोपर मारलं. तेव्हा कुणी असं काही लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून आता मी लिहितेय.

हे छोट्या मंडळीबद्दल आहे हां. आमची ३८ घरं, रविवारी ६०-७० माणसं, पाऊस असला की चाळीस. मुंबई-पुण्याच्या मोठ्या चर्चमध्ये तुम्ही दहा वर्षं शेवटच्या बाकावर बसून घरी जाऊ शकता, कुणी विचारणार नाही. इथं लपता येत नाही. एक रविवार चुकला तर सोमवारी फोन येतो, "काय ओ, बरं नाही का?" सुरुवातीला याचा लई वैताग येतो. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतंय असं समजा.

आधी थोडं, हे प्रेस्बिटेरियन म्हणजे काय

थोडक्यात सांगते, कारण पहिल्या चहाला कुणीतरी आजोबा तुम्हाला हे सांगणारच आहेत आणि ते थोडक्यात सांगत नाहीत. प्रेस्बिटर हा शब्द ग्रीकमधून आलाय, त्याचा अर्थ वडील, वयस्क माणूस. आपल्या मराठी बायबलमध्येही "वडील" असंच आहे, आम्ही बोलताना पंच म्हणतो. मंडळी चालवायची ती एका बिशपनं नाही तर निवडून दिलेल्या पंचांनी पाळकांबरोबर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंबरोबर बसून, एवढीच यातली मूळ कल्पना. १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स आणि त्याच्या लोकांनी हे उभं केलं, नॉक्स त्याआधी जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनकडं राहून आला होता. आपल्याकडं पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, मला तर हे समजावून सांगायला ती एकच म्हण पुरते.

आपल्या भागात हे अमेरिकेहून आलं. रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी १८५२ ला कोल्हापुरात आले, पुढं १८७० मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डानं घेतलं. डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ ला दवाखाना काढला, सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी त्यांच्याच नावाची. मग १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल असे दोन पंथ मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बिशप आले. मग कोण कशात गेलं, कोण नाही गेलं, जागा कुणाची, हा विषय नवीन माणसानं पहिलं वर्षभर काढू नये. खरंच सांगते. चहा गार होतो आणि दोन माणसं महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. पाटी कुठलीही असो, वागण्याच्या सवयी आमच्या अजून जुन्या प्रेस्बिटेरियनच आहेत.

पहिला रविवार

उपासना साडेनवाला. पहिली घंटा नवाला, दुसरी सव्वानवाला, आणि माणसं दुसऱ्या घंटेनंतर घरातून निघतात. तुम्ही मात्र नऊ-वीसला या, म्हणजे दारात जो पंच उभा असेल त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील. नाव, गाव, कुठं राहायला आलात, एवढंच सांगा. तो हात मिळवून "सलाम" म्हणेल, तुम्हीपण सलाम म्हणा. बाहेरच्या लोकांना हे ऐकून वेगळं वाटतं पण मराठी ख्रिस्ती माणसांचा हा जुनाच रिवाज आहे.

बसायचं कुठं. कुठल्याही बाकावर नाव लिहिलेलं नसतं आणि प्रत्येक बाक कुणाचा तरी असतो. आमच्याकडं डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष, तरुण जोडपी आता मधे एकत्र बसतात, त्यावरून एकदा कमिटीत बोलणं झालं आणि तो विषय तसाच राहिला. डावीकडचा तिसरा बाक, खिडकीकडची कड, ही एका आजींची जागा. मी पहिल्या दिवशी नेमकी तिथंच बसले. आजी आल्या, माझ्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत, शेजारी बसल्या आणि पूर्ण उपासनाभर अर्ध्या मांडीवर बसून राहिल्या. मला बाहेर आल्यावर कळलं. तर शेवटून दुसरा-तिसरा बाक धरा, तो नवीन लोकांसाठीच असल्यासारखा असतो.

बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, नाही घेतली तर कुणी हाकलत नाही, पण एक ओढणी पिशवीत असू द्या. भिंती मोकळ्या असतात, मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, क्रूस असतो तो रिकामा, त्यावर येशूची मूर्ती नसते. मला सुरुवातीला फार ओकंबोकं वाटायचं, वसईच्या चर्चमध्ये डोळ्याला किती असायचं बघायला. सासूबाई म्हणायच्या, इथं बघायचं नाही, ऐकायचं. आणि ते खरं आहे, इथं सगळा भर वाचनावर आणि उपदेशावर. पाळक वचन सांगतात तेव्हा आसपास पानांचा आवाज येतो, सगळे उघडून बघतात की साहेब म्हणतात ते खरंच लिहिलंय का. म्हणून बायबल घेऊन या, मोबाइलमधलं चालतं पण म्हाताऱ्या माणसांना वाटतं तुम्ही व्हॉट्सॲप बघताय.

दुसरं पुस्तक "उपासना संगीत". हे गाण्यांचं पुस्तक मराठी चर्चमध्ये बहुतेक सगळीकडं लागतं. पाळक फक्त नंबर सांगतात, पहिली ओळ सुरू होते तोवर पान काढायला जमलं पाहिजे. यात दोन प्रकारची गाणी आहेत, एक इंग्रजी चालीवरची, ती उभं राहून, आणि दुसरी आपल्या देशी चालीची भजनं, पेटी-तबला-झांजेवर, ती बसून. ना. वा. टिळकांची भजनं लागली की पाठ नसलेला माणूससुद्धा दुसऱ्या कडव्याला गायला लागतो. टिळक तसे आमच्या मिशनचे नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे, अहमदनगरकडचे. पण गाण्याला कोण विचारतंय.

बाकी क्रम सोपा आहे. आवाहन, गाणं, पापकबुली, स्तोत्र आळीपाळीनं वाचणं, शास्त्रपाठ, मतांगीकार (म्हणजे आपला विश्वास काय ते सगळ्यांनी मिळून म्हणणं), सूचना, अर्पण, उपदेश, प्रार्थना, आशीर्वाद. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, तेवढी मराठीत पाठ करून ठेवा. सूचनांच्या वेळी वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस विचारतात आणि पुढं बोलावून प्रार्थना करतात. त्याच वेळी "आज आपल्यात कोण नवीन आहे" असंही विचारतात. उभं राहायचं, नाव सांगायचं, बसायचं. मिटलं.

आशीर्वाद झाल्यावर पळू नका

नव्वद टक्के नवीन लोक इथंच चुकतात. आमेन झालं की गाडीची किल्ली काढतात. अहो खरी मंडळी त्यानंतर सुरू होते! पाळक दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवतात, मग व्हरांड्यात चहा, साखर जास्त आणि पारले-जी. या अर्ध्या तासात कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाची शुगर वाढली, कुणाला भाड्यानं खोली पाहिजे, सगळं निघतं. मला घरकामाला बाई, पोराची शाळेची रिक्षा आणि माझी शिलाई मशीन हे तिन्ही त्या व्हरांड्यात मिळालं. कपबश्या धुवायला कुणी उठलं की तुम्हीपण उठा. मोरीपाशी जेवढी ओळख होते तेवढी बाकावर बसून वर्षात होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. "आडनाव काय, मूळचे कुठले" असं विचारतात आणि काही जणांच्या विचारण्यात पूर्वीची जात कोणती होती ते काढायचा डाव असतो. चर्चमध्ये हे नसायला पाहिजे पण आहे. तुम्हाला आवडलं नाही तर हसून "आता प्रभूच्या घरचे" म्हणून विषय बदला, माझी एक मैत्रीण असंच करायची आणि समोरचा गप्प बसायचा.

पंच घरी येतील तेव्हा

दोन-तीन आठवड्यांत तुमच्या भागाचा पंच फोन करून घरी येईल, बहुतेक वेळा पाळकांबरोबर. घाबरू नका, ही चौकशी नाही. म्हणजे आहे, पण चांगल्या अर्थानं. आमच्याकडं प्रत्येक पंचाला सहा-सात घरं वाटून दिलेली असतात, त्या घरातलं आजारपण, भांडण, पोरांची परीक्षा हे सगळं त्यानं बघायचं. स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी पंच असे घरोघर जाऊन धातूचा छोटा बिल्ला द्यायचे आणि तो दाखवल्याशिवाय प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, बसता यायचं नाही. आता बिल्ला गेला, भेट राहिली.

कांदेपोहे करा, जास्त काही नको. ते एक शास्त्रभाग वाचतील, प्रार्थना करतील आणि जाताना विचारतील, "काही विशेष प्रार्थनेची विनंती?" इथं "नाही, सगळं ठीक" म्हणायची सवय असते आपल्याला. माझा नवरा २०११ ला नोकरी गेली तेव्हा असंच म्हणाला होता. पंच होते ते रिटायर्ड गुरुजी, ते दारापर्यंत गेले, चप्पल घातली, परत फिरले आणि म्हणाले, "गाडी दिसली नाही खाली, विकली काय?" मग बसले परत दीड तास. तर सांगण्यासारखं असेल ते सांगा. आणि जे चहाच्या व्हरांड्यात जायला नको ते "हे तुमच्यापाशीच ठेवा" असं स्पष्ट म्हणून सांगा, नाहीतर ह्या कानाचं त्या कानाला व्हायला वेळ लागत नाही. पंचपण माणूसच आहे.

पंच कोण होतो? सभासद मतदान करून निवडतात, बाईपण होऊ शकते, आमच्यात आत्ता दोघीजणी आहेत. पंच म्हणजे मालक नव्हे, हे काही पंचांनापण सांगावं लागतं. पंच आणि पाळक मिळून जी बैठक होते तिला सेशन म्हणतात, सभासद कुणाला करायचं, प्रभुभोजन कधी, कुणाला शिस्त लावायची हे तिथं ठरतं. त्याच्या वर प्रेस्बिटरी, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि पंच, त्याच्या वर सिनड, जनरल असेंब्ली अशी चढती रचना. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीत पाळक हे मंडळीचे सभासद नसतातच, ते प्रेस्बिटरीचे असतात. म्हणून तुमचं पाळकांशी पटलं नाही तर मंडळी सोडायची गरज नाही, आणि पाळकांना पण एखाद्या पुढाऱ्याच्या मर्जीवर राहायला लागत नाही. निदान कागदावर तरी.

सभासद व्हायचं तर

आधीच्या चर्चचं पत्र आणा, त्यात बाप्तिस्मा झाल्याची तारीख आणि तुम्ही चांगल्या स्थितीतले सभासद आहात असं लिहिलेलं असतं. ते सेशनपुढं जातं आणि मग एका रविवारी पुढं बोलावून नाव जाहीर करतात. बाप्तिस्मा लहान बाळांचाही करतात, थोडं पाणी डोक्यावर, बस. मोठी झाल्यावर ती पोरं वर्ग करून विश्वासाची कबुली स्वतःच्या तोंडानं देतात आणि मग प्रभुभोजन घेतात. माझा कॅथलिक बाप्तिस्मा मान्य केला, परत पाण्यात उभं केलं नाही, पण वर्ग मात्र चार महिने करायला लावला. दर गुरुवारी, पाळकसाहेबांच्या घरी, त्यांच्या मिसेस भाकरी थापायच्या आणि आतून माझी चुकलेली उत्तरं दुरुस्त करायच्या.

ख्रिस्ती नसाल आणि नुसतं बघायला यावंसं वाटत असेल तर बिनधास्त या, शेजारची मंडळी नाताळला येतातच. फक्त प्रभुभोजनाच्या वेळी ताट पुढं आलं की शेजाऱ्याकडं सरकवा, कुणी बघत नाही.

प्रभुभोजन आणि मनुका

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सात वर्षं हे काम माझ्याकडं आहे.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, काही मंडळ्यांत तीन महिन्यांनी एकदा. कॅथलिक लोकांसारखं रांगेनं पुढं जायचं नसतं. तुम्ही बाकावरच बसायचं, पंच ताटं घेऊन येतात, आधी भाकरीचं, मग छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांचं. आणि थांबायचं! सगळ्यांना मिळेपर्यंत हातात धरून ठेवायचं, पाळक वचन म्हणतात, मग सगळ्यांनी एकदम. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पेला आला, मी प्यायले, आणि समोरच्या फळीवर ठेवला, टक. त्या शांततेत तो टक अख्ख्या चर्चनं ऐकला. नंतर पुढची पाच-सहा मिनिटं मी रिकामे हात कुठं ठेवू ते कळेना.

पेल्यात वाइन नसते, मनुकांचा रस असतो. आमच्याइथून तासगाव जवळ, बेदाण्याची केवढी मोठी बाजारपेठ, त्यामुळं मालाची कमी नाही. पण घ्यायच्या त्या काळ्या मनुका. एका वर्षी कुणीतरी हौसेनं घरचा पिवळा बेदाणा दोन किलो आणून दिला, फुकटचा आहे म्हणून मी वापरला, आणि रस झाला चहासारखा. पाळकसाहेब म्हणाले चालतंय, देव रंग बघत नाही. तिसऱ्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, देव बघत नसेल, मी बघते. तेव्हापासून काळ्याच.

शुक्रवारी रात्री अर्धा किलो मनुका कोमट पाण्यानं तीनदा धुवायच्या, देठ काढायचे, दीडेक लिटर पाण्यात भिजत घालायच्या. शनिवारी सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळायच्या, पळीनं चेचायच्या, गार झालं की पांढऱ्या धुतलेल्या पंच्यात घालून पिळायचं. हे पिळणं एकटीचं काम नाही, दोन टोकं दोघींनी धरून उलट्या दिशेला पिळ द्यावा लागतो आणि मनगटापर्यंत हात चिकट होतात. साखर अजिबात नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा. रविवारी सकाळी साडेआठला जाऊन पेले भरायचे, चमच्यानं नाही, नाकवाल्या छोट्या चहाच्या किटलीनं, नाहीतर पांढऱ्या कापडावर डाग पडतात. साध्या ब्रेडच्या कडा काढून चौकोनी तुकडे. उपासनेनंतर पेले मोजून धुवायचे, ७२ आहेत, होते ८०.

दुसरं टोक धरायला मी मुद्दाम कुणीतरी नवीन बोलावते. बोलावलं तर या. गेल्या वर्षी मिझोरमची एक नर्स यायची. तिकडं प्रेस्बिटेरियन लोक किती, आपण ३८ घरांचं कौतुक करतो आणि तिकडं गावच्या गाव चर्चचं. तिनं सांगितलं की त्यांच्याकडं बायका रोजचा भात शिजवायच्या आधी एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, बुहफाई थाम म्हणतात त्याला, १९१० पासून चालू आहे. हे ऐकून आमच्या महिला मंडळानं एक डबा ठेवला व्हरांड्यात. चार महिने चालला, मग त्यात पोरकिडे झाले. आता पैसे टाकतात.

पैशाचं

अर्पणाची थैली फिरते, जमेल ते टाका, पहिल्या दिवशी मोठी नोट टाकून कुणावर छाप पडत नाही. नियमित द्यायचं असेल तर खजिनदाराकडून नावाचं पाकीट घ्या. दशांशाबद्दल, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याबद्दल, उपदेश ऐकाल, पण कुणी पगाराची स्लिप मागत नाही. लोक पहिला पगार, पोरगं पास झालं, ऑपरेशन नीट झालं, म्हणून उपकारस्तुतीचं अर्पण देतात आणि ते नावानिशी वाचलं जातं. नको असेल तर "नाव नको" लिहा.

उपासनेनंतर दोन माणसं, कधीही एक नाही, आतल्या खोलीत पैसे मोजतात आणि वहीत दोघांची सही होते. वर्षाच्या सभेत सगळा हिशेब वाचतात, पाळकांचा पगार, लाइट बिल, "चहा-साखर ३४० रुपये" इथपर्यंत. नवीन माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. मी म्हणते तीच सभा बघायला या, विश्वास म्हणजे काय ते मला उपदेशापेक्षा त्या वहीत जास्त कळलं. एका वर्षी स्पीकर घ्यायचा का छपराची गळती काढायची यावर अडीच तास भांडण झालं, आवाज चढले, मतदान झालं, छप्पर जिंकलं, आणि हरलेल्या बाजूच्या माणसानंच शेवटची प्रार्थना केली. अर्थात तो पुढं तीन रविवार आला नाही. मग आला.

भांडणात नवीन माणसानं कुणाची बाजू घेऊ नये. दोन घरं बोलत नसतील तर त्याचं कारण तुमच्या जन्माच्या आधीचं असू शकतं.

वर्षभरात काय काय

ऑगस्ट-सप्टेंबरपासून पोरांचं संडे स्कूल जोरात असतं, तिथं शिकवायला माणूस कायम कमी, हात वर केलात की काम मिळालंच. कापणीच्या सणाला शेतातलं पहिलं पीक, भाजी, अंडी, कोंबडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव. तिथं दुधी भोपळा पाचशे रुपयांना जातो. नवीन असाल तर गमतीत बोली वाढवू नका, माझ्या नवऱ्यानं वाढवली आणि आम्ही कोंबडा घेऊन स्कूटरवर घरी आलो.

डिसेंबरात रात्री कॅरल पार्टी घरोघरी, तुमच्या घरी कधी येणार ते विचारून ठेवा, पंचवीस माणसांचा चहा आणि फराळ लागतो. हो, करंज्या, चकल्या, शंकरपाळीच, केक नंतर. ३१ ला रात्रीची उपासना. गुड फ्रायडेला बारा ते तीन, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि त्यात एक उद्गार तुमच्या गळ्यात पडू शकतो, पाच मिनिटांचं बोललात तर लोक आयुष्यभर दुवा देतील. ईस्टरला पहाटे कबरस्थानात उपासना, आदल्या दिवशी तरुण संघ तिथलं गवत काढतो, कबरींना चुना लावतो.

लग्न असेल तर तीन रविवार आधी नाव पुकारतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. मयत झाली तर सूचना द्यावी लागत नाही. घंटा वेगळी वाजते, सावकाश, मधे खूप वेळ सोडून, आणि ज्याला ऐकू येते तो येतो. तरुण पोरं खड्डा खणायला जातात, बायका त्या घरची चूल बंद म्हणून डबे नेतात, आठवडाभर संध्याकाळी प्रार्थना. तुम्ही त्या माणसाला ओळखत नव्हतात तरी जा. काही बोलायचं नाही, मागं बसायचं. माझे सासरे गेले तेव्हा ज्यांचं नावसुद्धा मला नीट माहीत नव्हतं अशी एक नवीन आलेली बाई तीन दिवस येऊन आमची भांडी घासून जात होती.

ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या वेळी सांगली-कोल्हापूर भागात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं चर्च जरा उंचावर, तर खालच्या वस्तीतली माणसं आली, बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकल्या. त्यात ख्रिस्ती घरं किती, थोडीच. बाकी सगळे शेजारीपाजारी. सेशनची बैठक वगैरे काही झाली नाही, एका पंचानं किल्ली काढली आणि दुसऱ्यानं तांदूळ आणले. सहा दिवस दोन वेळ खिचडी. रविवारी उपासना झाली ती झोपलेल्या पोरांच्या मधून वाट काढत, पेटी न वाजवता, हळू आवाजात गाणं म्हणून. त्या रविवारी पहिल्यांदा मला ती रिकामी भिंत ओकीबोकी वाटली नाही.

आणि बदली झाली तर

जाताना न सांगता जाऊ नका. दोन आठवडे आधी पंचाला सांगा, पत्र तयार होईल, शेवटच्या रविवारी पुढं बोलावून प्रार्थना करतील आणि थोडं रडं होईल. पाकिटाचा हिशेब, संडे स्कूलचं रजिस्टर, लायब्ररीची पुस्तकं, जे काही तुमच्याकडं असेल ते परत करा. सामान बांधताना स्वयंपाकघरातली भांडीपण एकदा बघून घ्या, कारण पुरात गल्लीगल्लीत गेलेलं आमचं पन्नास माणसांचं पातेलं अजून परत आलेलं नाही. काठावर "मंडळी" असं ठोकलेलं आहे, एक कान जरा वाकडा.